दराने न सुटणारी कोंडी

दूरसंचाराच्या धंद्यातील जाणते लोक आणि त्यांची बाजू अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडणारे काही पंडित यांनी अलीकडे असा एक सिद्धान्त रूढ करीत आणला आहे की, इंटरनेटच्या जाळ्यात जी गर्दी होते, जिच्यापायी चित्र अडखळते, बोलणाऱ्याचा आवाज मध्येच तुटतो आणि पडद्यावर एक गोल मुकाट्याने फिरत राहतो, त्या गर्दीचे मूळ कारण दुसरेतिसरे काही नसून, जाळे वापरणाऱ्याला आपल्या वापरामुळे इतरांची जी खोटी होते तिची किंमत मोजावी लागत नाही, हे होय. सबब गर्दीला दर लावावा. ज्याची निकड मोठी तो अधिक देईल, ज्याची लहान तो आपण होऊन मागे सरेल, आणि जे काम आज धक्काबुक्कीने होते ते उद्या हिशेबाने होईल. हा सिद्धान्त मी असत्य म्हणत नाही. तो अर्धाच सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मांडण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि ज्या मुळशी तालुक्यात मी राहतो त्याचा सगळा संबंध त्या उत्तरार्धाशी आहे.

पूर्वपक्ष त्याच्या समर्थ रूपात मांडल्याखेरीज त्याच्या खंडनास हात घालणे हे शिष्टसंमत नव्हे, म्हणून प्रथम त्याची कुळकथा. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी गर्दीच्या वेळी अधिक आणि रिकाम्या वेळी कमी भाडे घ्यावे, अशी सूचना विसाव्या शतकाच्या मध्यास केली. सूचना कोणी मानली नाही. १९९६ साली त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत तो वारला. त्याचाच धागा उचलून जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन या दोघांनी १९९० नंतरच्या दशकात इंटरनेटसाठी एक लिलाव कल्पिला. जाळ्यातून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटाच्या कपाळी त्याच्या मालकाने लावलेली बोली लिहिलेली असावी. ज्या नाक्यावर गर्दी असेल तेथे मोठ्या बोलीची पॅकेटे आधी सोडावीत. आणि आत गेलेल्या सर्वांनी स्वतःची बोली न भरता, बाहेर राहिलेल्यांपैकी सर्वांत मोठी बोली जितकी असेल तितकीच रक्कम भरावी. नाक्यावर गर्दी नसेल तर कोणी काहीच भरू नये. ही रचना बुद्धीला भुरळ घालणारी आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. (हे व्हेरियन महाशय पुढे गूगलचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले, ज्या कंपन्या आज गर्दीच्या नावाने गूगलकडून खंडणी मागतात त्यांना या योगायोगाची मौज वाटत नसावी.)

आता या रचनेतील अटी पाहू, कारण सिद्धान्ताचे नाव घेणारे त्याच्या अटींचे नाव घेत नाहीत. दर लागू व्हायचा तो गर्दीच्या स्थळी आणि गर्दीच्या क्षणीच. गर्दी ओसरली की तो शून्यावर यावयाचा. आणि दरातून जो पैसा जमेल तो कोठे रुंदी वाढवावयास हवी याची खूण म्हणून वाचावयाचा आणि त्याच रुंदीकरणावर खर्चावयाचा. लंडन शहराने फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवस्तीत शिरणाऱ्या मोटारींवर गर्दीचा कर बसविला, तेव्हा त्याचे निव्वळ उत्पन्न दहा वर्षेपर्यंत वाहतुकीच्याच कामी लावावे, असे कायद्याने आधीच बांधून टाकले होते. आपल्याकडे जे दर आहेत त्यांत यांपैकी एकही अट दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये सर्व मोठ्या खासगी कंपन्यांनी एकामागोमाग एक दर वाढविले. जिओचा अठ्ठावीस दिवसांचा, रोज दीड जीबीचा रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. ही वाढ हिंजवडीच्या संगणक-उद्यानात जितकी झाली तितकीच मुळशी धरणाच्या पाठीमागच्या वाडीत झाली, भर दुपारी जितकी तितकीच पहाटे तीनला. तिला महसूलवाढ म्हणावे, धंद्याची गरज म्हणावे, त्याला माझी हरकत नाही. परंतु तिला गर्दीवरचा उपाय म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

किंबहुना आजची दररचना गर्दी कमी करण्याऐवजी ती जन्माला घालते. रोजचा दीड जीबी मध्यरात्रीच्या ठोक्याला रद्दबातल होतो. उरलेला बहुधा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. मग दिवसभर शेतात किंवा कारखान्यात असलेला माणूस रात्री जेवून अंथरुणावर पडला की उरलेला डेटा वाया जाऊ नये म्हणून तो संपवीत बसतो, आणि आपल्या देशात नऊ ते बारा या घटका जाळ्यावर सर्वांत अधिक भार असण्याच्या असतात. ज्यांनी आपल्याच दरांनी लोकांना एका वेळी एका दारावर गोळा केले, त्यांनीच पुढे येऊन, दारावर फार गर्दी होते हो, आता तिला किंमत लावली पाहिजे, असे म्हणावे, यात विनोद आहे खरा, पण तो हसण्याजोगा नाही.

मुळशी तालुक्याची घडण या प्रश्नाला फार सोयीची आहे, कारण त्याची दोन टोके दोन निराळ्या युगांत आहेत. पूर्वेला हिंजवडी आणि माण, जेथे काचेच्या इमारतींतून जगाचे हिशेब चालतात. पश्चिमेला पौड, मुळशी, ताम्हिणी, जेथे पावसाळ्यात खाचरे भरतात आणि रस्त्याच्या वळणावळणावर रेंज येते-जाते. या पश्चिम टोकाला रविवारी काय घडते, ते मी जवळून पाहतो. श्रावण-भाद्रपदात भाताची लावणी उरकून खाचरे हिरवी झालेली असतात, आणि त्याच दिवसांत ई-पीक पाहणीची मुदत असते. २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत खातेदाराने स्वतः आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो मोबाइलवर काढावयाचा आणि नोंद ॲपवर चढवावयाची असते. ती सातबाऱ्यावर उतरली नाही तर नुकसानभरपाईच्या वेळी शेतात भात होते की गवत, हे सिद्ध करण्यासाठी तलाठ्यापासून तहसीलपर्यंत खेटे घालावे लागतात. रविवारी दुपारी डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेला असा एक शेतकरी बांधावर उभा असतो. फोटो निघालेला असतो. पुढचे काही होत नाही. फोन तो छातीपाशी धरून पुसतो, चार पावले उंचवट्यावर जातो, विमान-मोड लावून काढतो, पुन्हा पाहतो. खालच्या रस्त्यावर त्याच वेळी पुण्याहून आलेल्या मोटारींची रांग असते, धबधब्याखाली भिजलेली मंडळी असतात, आणि त्यांच्यातील प्रत्येकाच्या हातातून त्या धबधब्याची चित्रफीत त्याच एका मनोऱ्यामार्गे जगाकडे निघालेली असते. मनोऱ्याला शेतकरी आणि पर्यटक यांतला भेद कळत नाही, ही त्याची थोरवीच म्हटली पाहिजे.

दरवादी म्हणतील, हाच तर आमचा मुद्दा. पर्यटकाच्या चित्रफितीला दर लावा, शेतकऱ्याचा फोटो सुटेल. येथे त्यांच्या युक्तिवादातील सर्वांत नाजूक सांधा उघडा पडतो. बोलीच्या बाजारात निकड मोजली जात नाही, ऐपत मोजली जाते. शेतकऱ्याची निकड पर्यटकाच्या हौसेपेक्षा शतपट असली तरी त्याच्या खिशातील रक्कम शतांश आहे. आणि कोथरूडहून मोटार घेऊन आलेल्या तरुणाला चित्रफितीसाठी वीस रुपये अधिक देणे जितके सोपे, तितकेच बांधावरच्या माणसाला दोन रुपये देणे अवघड. पाठ्यपुस्तकाला ही अडचण ठाऊक आहे. तेथे असे लिहिलेले असते की दर कार्यक्षमतेसाठी असतो, न्यायासाठी गरिबाला वेगळी रोख मदत द्यावी. ती मदत कोण देणार, कोणत्या खात्यातून, कोणत्या महिन्यात, हे मात्र दराचा प्रस्ताव मांडणाऱ्याच्या कागदात कधीच नसते. दर उद्यापासून लागू, मदत यथावकाश.

हा केवळ तर्क नाही. याची रंगीत तालीम आपल्या देशात झालेली आहे. व्होडाफोन आयडियाने रेडएक्स आणि एअरटेलने प्लॅटिनम या नावांनी महागड्या योजना आणल्या, ज्यांत अधिक पैसे देणाऱ्या ग्राहकाला ४जी जाळ्यावर अग्रक्रम मिळेल असे आश्वासन होते. जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्या रोखून धरल्या आणि विचारले की, एकाला पुढे घेताना बाकीच्यांची सेवा खालावणार नाही याची शाश्वती काय. प्रकरण दूरसंचार लवादापर्यंत गेले, आणि अखेरीस अग्रक्रमाची भाषा कंपन्यांनी आवरती घेतली. ट्रायचा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर देता येण्याजोगे नव्हते, कारण एका मनोऱ्याच्या लहरींची धारणशक्ती त्या क्षणी ठरलेली असते. त्यात एकाला जितके जास्त तितके दुसऱ्याला कमी. आता ५जीमधील स्लाइसिंग, म्हणजे जाळ्याची एक पट्टी राखून देणे, या नव्या नावाने तोच प्रश्न पुन्हा दाराशी येऊन उभा आहे. एखाद्या रुग्णालयाने किंवा कारखान्याने आपल्या आवारासाठी राखीव पट्टी मागितली तर त्यावर स्वतंत्र विचार होऊ शकेल. पण सार्वजनिक मनोऱ्यावरची रांग लिलावात काढण्याला ते नाव चिकटवून चालणार नाही.

मुंबईच्या लोकलचा दाखला येथे फार बोलका आहे, आणि मी तो आवर्जून घेतो, कारण अँड्र्यू ओडलिझ्को या गणितज्ञाने इंटरनेटसाठी सुचविलेली एक योजना हुबेहूब तिच्यासारखीच होती. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत एके काळी पहिला आणि दुसरा असे दोन वर्ग असत. डबे सारखे, बाके सारखी, फरक केवळ भाड्याचा. महाग असल्यामुळे पहिल्या वर्गात माणसे कमी, आणि माणसे कमी म्हणून तो पहिला वर्ग. पॅरिसने ती वहिवाट १९९१ साली बंद केली. ओडलिझ्कोने तीच इंटरनेटला लावून पाहावी असे पुढे काही वर्षांनी सुचविले. आपल्या चर्चगेट-विरारला ती अजून चालू आहे. पहिल्या वर्गाचे भाडे दुसऱ्याच्या कित्येक पट. आणि तरीही सकाळी साडेआठला अंधेरीला पहिल्या वर्गात शिरावयाचे तर दुसऱ्या वर्गाइतकाच खांदा लावावा लागतो, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला सांगावे लागत नाही. बारा डब्यांच्या गाडीत पहिल्या वर्गासाठी जितकी जागा वेगळी काढली तितकी दुसऱ्या वर्गातून वजा झाली. गाडीची लांबी त्या भाड्याने एका वितीनेही वाढली नाही. मुंबईचा प्रवासी या रचनेवर फारसा चिडत नाही, कारण तिला तो सरावला आहे आणि त्याला दादरला उतरावयाचे असते. पण ही रचना गर्दीवरचा इलाज आहे असे मात्र कोणी त्याला सांगितले तर तो काय उत्तर देईल, ते छापण्याजोगे नाही. ओडलिझ्कोने स्वतःच पुढे टपाल, तार आणि टेलिफोन यांचा इतिहास तपासून असा निष्कर्ष काढला की, लोक आणि काळ दोन्ही शेवटी साध्या, सपाट दराकडेच वळतात. योजना सुचविणाऱ्यानेच आपल्या योजनेच्या विरुद्ध पुरावा गोळा करावा, ही सचोटी दुर्मिळ आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. मनोऱ्यावर गर्दी होते म्हणजे नेमके काय होते? एक कोंडी हवेत होते, जेव्हा एकाच मनोऱ्याच्या कक्षेत असंख्य फोन एकाच वेळी लहरींचा वाटा मागतात. दुसरी कोंडी मनोऱ्याच्या पायथ्याशी होते, जेव्हा हवेतून गोळा झालेली ती सर्व रहदारी पुढे शहराकडे नेणारा दुवाच अरुंद असतो. शहरात तो दुवा बहुधा जमिनीखालच्या फायबरचा असतो. डोंगराळ मुलखात पुष्कळदा एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे मायक्रोवेव्हच्या तबकड्यांनी तो भागविला जातो, आणि त्या तबकड्यांतून जाणारे पाणी फायबरच्या मानाने झऱ्याएवढे. देशातील स्थिती सरकारच्याच कागदावर अशी आहे की, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाने फायबरने जोडलेल्या मनोऱ्यांचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून सत्तर टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले, आणि ठरलेली पाच वर्षे सरली तरी ते गाठले गेले नाही. ताम्हिणीकडे खड्डा खणावयाचा तर वनखात्याची परवानगी लागते, अभयारण्याची हद्द येते, घाटात दरड येते, हे सर्व मी जाणतो आणि कंपन्यांच्या या अडचणींबद्दल मला खोटी सहानुभूती नाही, खरी आहे. पण ज्या दुव्याची अडचण खणण्याची आहे, ती भाव चढवून कशी सुटावी? बांधावरच्या माणसाने दुप्पट पैसे दिले म्हणजे वनखात्याचा कागद लवकर निघतो काय?

शिवाय त्या खणण्याचे पैसे ग्राहक आधीच देत आला आहे, ही गोष्ट या सगळ्या चर्चेत सोयिस्करपणे विसरली जाते. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील पाच टक्के रक्कम ग्रामीण आणि दुर्गम भागांत सेवा पोहोचविण्यासाठी बाजूला काढली जाते. आधी तो सार्वत्रिक सेवा निधी होता, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपन्या ती रक्कम आपल्या घरून आणीत नाहीत. ती आमच्या रिचार्जमधूनच जाते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, तिचेच पुढे भारतनेट झाले. निधीचा मोठा हिस्सा मात्र वर्षानुवर्षे अखर्चित पडून राहिला. म्हणजे रुंदीकरणाची वर्गणी घेतली, रुंदीकरण रेंगाळले, आणि आता अरुंद राहिलेल्या वाटेवर टोल बसविण्याची मसलत चालली आहे.

या टोलाचा एक दुर्गुण सिद्धान्तवाल्यांना चांगला ठाऊक आहे, पण त्यांचे नाव घेणाऱ्यांना तो आठवत नाही. गर्दीच्या दराचे उत्पन्न जर गर्दीच्याच मालकाला मिळत असेल, तर गर्दी कमी करण्यात त्याचा तोटा आणि ती टिकविण्यात त्याचा नफा, अशी उलटी गणिते सुरू होतात. जेथे दहा विक्रेते आहेत तेथे एकाने रुंदी वाढविली की दुसऱ्याला वाढवावीच लागते. पण जेथे खोऱ्यात एकाच कंपनीच्या मनोऱ्याला रेंज आहे, तेथे ग्राहकाने जावे कोणाकडे? डोंगरापलीकडे कोकणात?

ज्याची ऐपत मोठी त्याला आधी, हा दरवाद्यांचा युक्तिवाद मुळशीच्या माणसाला परका वाटत नाही, कारण तो त्याने एकदा ऐकला आहे. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्या पाण्यावर भिऱ्याला वीज करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यावी, यासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने खोऱ्यातील पन्नासेक गावांची भातशेती टाटांच्या कंपनीसाठी घेण्याचे ठरले, तेव्हाही असेच सांगितले गेले होते की, मुंबईला या पाण्याचे मोल मावळ्याला असलेल्या मोलापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि नुकसानीची रक्कम मिळणारच आहे, मग तक्रार कसली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला, पां. म. बापट त्यातूनच सेनापती म्हणून ओळखले जाऊ लागले, विनायकराव भुस्कुटे यांनी तो खोऱ्यात राहून चालविला, आणि १९२४ अखेरीस रेल्वे अडविण्याच्या प्रकरणानंतर बापटांना दीर्घ कारावास भोगावा लागला. धरण झाले; १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली, आणि धरणाकाठच्या कित्येक वाड्यांनी त्यानंतर दशकानुदशके कंदिलाचीच वात वर केली. ही तुलना मी फार ताणणार नाही. मोबाइलच्या गर्दीत कोणाचे घर बुडत नाही. परंतु ज्याची किंमत मोजण्याची ताकद अधिक त्याचा हक्क अधिक, हा युक्तिवाद सगळीकडे सारखाच चालतो, आणि त्याचा सर्वांत जुना पुरावा आमच्याच पाण्याखाली आहे. एक फरक मात्र नोंदवून ठेवतो: १९२१ साली मागे सारलेल्या माणसाला निदान काही पैसे देऊ केले होते, आजच्या दरवाद्यांच्या योजनेत त्याला मागे सरण्याबद्दल काहीच मिळत नाही.

दर न लावता कोंडी सुटू शकते, याचा सर्वांत मोठा दाखला तर इंटरनेटच्याच इतिहासात आहे. १९८६ साली अमेरिकेत बर्कलेच्या एका प्रयोगशाळेपासून शेजारच्या विद्यापीठापर्यंतचे, चारशे यार्डांच्या अंतरावरचे जाळे इतके तुंबले की सेकंदाला ३२ हजार बिटांची गती ४० बिटांवर आली. व्हॅन जेकबसन या संशोधकाने कोणावर कर बसविला नाही. त्याने पाठविणाऱ्या संगणकाला संयम शिकविला. पॅकेट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजावे, आपला वेग निम्म्यावर आणावा, आणि मग हलकेच पुन्हा वाढवावा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पद्धतीवर इंटरनेट पुढे दशकानुदशके उभे राहिले. या पद्धतीलाही उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे: जो एकाच वेळी दहा-वीस जोडण्या उघडतो त्याला दहा-वीस वाटे मिळतात, आणि जो एकच उघडतो तो एका वाट्यावर राहतो. बॉब ब्रिस्को या ब्रिटिश संशोधकाने या न्यायाची चिरफाड केली, आणि त्याचा आक्षेप अजून अनुत्तरित आहे. पण त्याच्या आक्षेपाचा अर्थ, प्रत्येकाने किती गर्दी केली ते मोजावे, असा आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने गर्दी करावी, असा नव्हे.

मी सर्वच दरांच्या विरुद्ध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. गर्दीवरचा एक प्रामाणिक दर आमच्या पिढीने भरलेला आहे. एसटीडीचे बूथ गावोगावी आले तेव्हा रात्री अकरानंतर पाव दर लागे, आणि दहा वाजल्यापासूनच बूथवर माणसे येऊन बसत. कोणाला मुंबईच्या भावाशी बोलावयाचे असे, कोणाला सासरी गेलेल्या मुलीशी. तेथेही अकराच्या ठोक्याला लाइन लागत नसे, कारण सगळ्यांना तोच ठोका ठाऊक होता. पण तो दर सर्वांना एकच होता, वेळेला होता आणि आधी जाहीर होता. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडमध्ये पहाटे दोन ते आठ अमर्याद वापराची योजना होती. मोठ्या फाइली उतरविणारी मुले गजर लावून उठत. व्होडाफोन आयडियाने मध्यरात्री बारा ते सहा डेटा मोकळा ठेवला. या सर्वांत धनिकाला पुढे नेणारे काही नव्हते. रिकाम्या वाटेवर रहदारी वळविणे, एवढेच होते. ज्याला गर्दीचा दर खरोखर हवा आहे, त्याच्यासमोर हा मार्ग मोकळा आहे, आणि कायद्याचीही आडकाठी नाही: ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या विनियमाने मजकूर पाहून निराळा दर लावण्यास मनाई केली, मोडणाऱ्याला दिवसाला पन्नास हजारांचा दंड ठरविला, परंतु घड्याळ पाहून दर लावण्यास मनाई केलेली नाही. वर्षांमागून वर्षे गेली. एखादा अपवाद सोडता कंपन्यांनी या मोकळ्या वाटेने जाण्याऐवजी बंद दारावरच धडका मारल्या. त्यांना काय हवे आहे, याचा अंदाज वाचकानेच करावा.

बंद दारावरच्या धडकांपैकी शेवटची म्हणजे, चित्रफिती पुरविणाऱ्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा न्याय्य वाटा उचलावा, ही सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशनची मागणी. ट्रायने जुलै २०२३ मध्ये या विषयावर मसलतीचा कागद काढला तेव्हा ती पुन्हा जोराने पुढे आली. ऐकावयास ती ग्राहकधार्जिणी वाटते, गूगलने भरावे, आपण का? परंतु ग्राहकाने जो डेटा विकत घेतला आहे त्याचेच पैसे दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मागणे, हा एका मालाचा दोनदा लिलाव झाला. दक्षिण कोरियाने ती वाट चोखाळून पाहिली; फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्विच ही चित्रवाहिनी जाळ्याचे शुल्क परवडत नाही म्हणून त्या देशातून निघून गेली. मोठा निघून जाऊ शकतो किंवा भरू शकतो. मराठी नाटकांचे चित्रण दाखविणारे एखादे लहानसे संकेतस्थळ दोन्हींपैकी एकही करू शकत नाही.

राहिला प्रश्न एवढाच की, मुळशीच्या मनोऱ्याचे करावयाचे काय. ट्रायने २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे विनियम केले, ज्यांनुसार कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर कोठे कोणती सेवा मिळते याचे नकाशे प्रसिद्ध करावयाचे आहेत. नकाशा रेंज कोठे आहे ते सांगतो. ती केव्हा निरुपयोगी होते ते सांगत नाही. प्रत्येक मनोऱ्यावर तासागणिक किती भार होता, कोंडी हवेत झाली की पायथ्याच्या दुव्यात, आणि तो दुवा फायबरचा आहे की तबकडीचा, ही खतावणी प्रत्येक कंपनीच्या संगणकात तयार पडलेली असते. तिच्यावाचून जाळे चालविताच येत नाही. गर्दीचा दर मागणाऱ्याने प्रथम ती खतावणी मनोऱ्यागणिक उघडी करावी, पौडच्या तहसील कचेरीत ती कोणालाही पाहता यावी, आणि जेथे दुवा तबकडीचा निघेल तेथे डिजिटल भारत निधीतून फायबर नेण्याची मुदत तिच्यासमोर लिहिलेली असावी. ज्या मनोऱ्याला फायबर आहे, लहरी पुऱ्या आहेत, आणि तरीही रविवारी दुपारी तो भरतो, त्या मनोऱ्याच्या दराविषयी बोलावयास मी तयार आहे. घड्याळाच्या दराविषयी, आणि सर्वांना सारख्या.